ज्या बापाने विकलं, त्याचं नाव का झाकलं? (लुईस गामा)

पायवाट

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं कामानिमित्त साओ पाउलोत राहते. घरापासून चालत वीस मिनिटांवर लार्गो दो आरूशे नावाचा चौक आहे. तिथल्या फुलबाजारात मी शनिवारी जाते. चौकात एका दाढीवाल्या माणसाचा अर्धपुतळा आहे. इतके दिवस त्याच्याजवळून नुसती जात-येत होते. मागच्या महिन्यात त्याच्याबद्दल वाचायला घेतलं आणि आता तो माणूस डोक्यातून जात नाही.

लुईस गामा. कवी, पत्रकार, आणि कायद्याची पदवी नसताना कोर्टात उभा राहून गुलामांना सोडवणारा माणूस. जन्म २१ जून १८३०, बाहिया प्रांतातल्या साल्वादोर शहरात. आई लुईझा माहीं, आफ्रिकेतून आलेली, पण कुणाची गुलाम नव्हे. रस्त्यावर माल विकून पोट भरायची. बाप पोर्तुगीज वंशाच्या बड्या घराण्यातला. आई स्वतंत्र म्हणजे कायद्याने मूलही जन्मापासून स्वतंत्र. १८३७ साली साल्वादोरमध्ये बंड झालं आणि आई रिओला निघून गेली. पोरगा बापाकडे. या बापाने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. पण पत्त्यांचा नाद, घोड्यांचा शौक, वारशाने आलेला पैसा चार वर्षांत संपला. १० नोव्हेंबर १८४० या दिवशी त्याने दहा वर्षांच्या मुलाला जहाजावर नेलं आणि गुलाम म्हणून विकून टाकलं.

हे सगळं गामांनी स्वतः लिहून ठेवलंय, २५ जुलै १८८० ला लुसिओ दि मेंदोन्सा या लेखक मित्राला पाठवलेल्या पत्रात. त्यात आई कशी होती ते आहे: ठेंगणी, सडपातळ, देखणी, काळीकुळकुळीत, दात पांढरेशुभ्र. मानी, तापट, डूख धरणारी. बाप्तिस्मा घ्यायला तिने कायम नकार दिला. जहाजाचं नाव आहे, ज्याने विकत घेतलं त्याचं नाव आहे, विक्रीच्या वेळी बापासोबत असलेल्या मित्राचंसुद्धा नाव आहे. नाही ते फक्त बापाचं. त्याच्या अभागी स्मृतीला आणखी एक डाग नको म्हणून नाव झाकतो, असं लिहिलंय.

मी ते वाक्य पाचसहा वेळा वाचलं. ज्याने आयुष्यभर गुलामांच्या मालकांना पेपरात नावानिशी धारेवर धरलं, तो माणूस या एका नावापाशी का थांबला असेल? तुम्हाला काय वाटतं?

कोकणकडा

वाचनखूण साठवली. या माणसाचं नावही ऐकलं नव्हतं. अजून लिहा ना, विकल्यानंतर काय झालं?

पायवाट

@कोकणकडा, आधी रिओत एका मेणबत्तीवाल्याच्या घरी थोडे दिवस होता. तिथल्या बायकामुलींनी त्याला माया लावली, निघताना रडल्या. मग शंभराहून जास्त गुलामांच्या एका लॉटमध्ये साओ पाउलोच्या व्यापाऱ्याला विकला गेला. जहाजाने सांतोस बंदर, आणि तिथून घाट चढून कांपिनासपर्यंत पायी. वय दहा.

पण त्याला कुणी घेईना. गिऱ्हाईक यायचं, पोरगा आवडायचा, मग विचारायचं, कुठला रे तू? बाहियाचा म्हटलं की माघार. १८३५ साली साल्वादोरमध्ये मुस्लिम आफ्रिकनांनी मोठा उठाव केला होता, तेव्हापासून तिकडच्या गुलामांची मालकांनी धास्तीच घेतली होती. विकला गेला नाही म्हणून व्यापाऱ्याच्याच घरी राहिला. कपडे धुणं, इस्त्री, शिवण, चपला-बूट शिवणं, सगळं शिकला.

१८४७ साली त्या घरात एक विद्यार्थी राहायला आला. त्याने याला अक्षरओळख करून दिली. तेव्हा लुईस सतरा वर्षांचा. पुढच्याच वर्षी आपण स्वतंत्र असल्याचे पुरावे गुपचूप मिळवून तो पळाला. सहा वर्षं शिपाईगिरी केली. अपमान करणाऱ्या अधिकाऱ्याला धमकावल्याबद्दल ३९ दिवस कोठडीत काढले. मग पोलिस खात्यात कारकुनी. आणि १८५९ साली पहिला कवितासंग्रह छापून आला. अआइई गिरवल्यापासून बाराव्या वर्षी!

बोरूबहाद्दर

व्वा पायवाटताई. कवितेबद्दल मी थोडं लिहितो, कारण कवितेला सोडून या माणसाबद्दल बोलणं मला अर्धवट वाटतं.

संग्रह उपहासात्मक कवितांचा आहे, गेतुलिनो या टोपणनावाने काढलेला. त्यातली सगळ्यात गाजलेली कविता 'मी कोण?' असं विचारते. तेव्हा ब्राझीलमध्ये मिश्र वंशाच्या माणसाला हिणवायला 'बोकड' म्हणत. गामांनी तीच शिवी उचलली. ठीक आहे, मी बोकड. पण मग बघा, बोकडांची जमात केवढी पसरली आहे! करडे, पट्टेवाले, ठिपकेवाले, काळे, पांढरे. गरीब बोकड, खानदानी बोकड. सरदार, खासदार, पाद्री, सेनापती, सगळे एकमेकांना शिंगं मारतात आणि बें बें करतात. वर देवांचा राजा ज्युपिटरसुद्धा लहानपणी शेळीचंच दूध प्यायला होता, हेही सांगून टाकतो. वरच्या घराण्यांच्या रक्तात आफ्रिका मिसळलेली आहे आणि ती ते लपवतात, हे पूर्ण शहराला माहीत होतं. गामांनी ते यमकात बसवून चारचौघांत म्हटलं.

दुसऱ्या एका कवितेत ते काव्यदेवतेला सांगतात की तू आफ्रिकेतल्या गिनीची हो, काळी हो. स्वतःला कुरळ्या केसांचा ऑर्फियस (ग्रीक पुराणातला थोर गायक) म्हणवून घेतात. १८५९ सालात हे लिहायला काय छाती लागत असेल. गुलामी संपायला अजून २९ वर्षं होती.

माडाची सावली

मडगावहून. आजीमुळे घरात पोर्तुगीज होतं, म्हणून ही कविता मुळातून वाचता आली. बोरूबहाद्दरांनी सांगितलेल्या त्या ओळींत 'बोकड सगळ्या कास्तांचे असतात' असं आहे. कास्ता! पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि इथल्या जातींना त्यांनी हाच शब्द लावला. तिथून तो इंग्रजीत गेला आणि पुढे जगभर आपल्यालाच चिकटला. ब्राझीलच्या कवितेत तो असा अचानक समोर आला आणि मी वाचता वाचता थांबले.

लुईझा माहीं 'कितांदेइरा' होती. म्हणजे पाटी किंवा टोपली घेऊन फळं-भाजी, खायचे पदार्थ विकणारी. मडगावच्या बाजारात सकाळी बसणाऱ्या बायका डोळ्यांसमोर आणा.

कोकणकडा

अवांतर: काजूही ब्राझीलहूनच आला ना गोव्यात? म्हणजे फेणीचं मूळ गाव ब्राझील?

माडाची सावली

@कोकणकडा, झाड तिकडचं, नावही तिकडच्या तुपी लोकांचं. भट्टी मात्र आमचीच. फेणीवर हक्क सांगायला येऊ नका. :)

पायवाट

इथे काजूच्या बोंडाचा रस हॉटेलात सर्रास मिळतो. पहिल्यांदा प्यायले तेव्हा मालवणच्या मामाचं घर आठवलं. असो, अवांतर पुरे.

तर्कशुद्ध

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. बापाचं नाव झाकण्यात मला मोठेपणा दिसत नाही. स्वतंत्र मुलाला गुलाम म्हणून विकणं हा तेव्हाही गुन्हाच असणार. गुन्हेगाराचं घराणं प्रतिष्ठित होतं, ते तसंच प्रतिष्ठित राहिलं. पत्रात आईला 'डूख धरणारी' म्हणायचं आणि विकणाऱ्या बापाच्या 'अभागी स्मृती'ची काळजी करायची, हा न्याय कुठला? शेवटी पुरुषाने पुरुषाला सांभाळून घेतलं असंच मला वाटतं.

काळा कोट

तर्कशुद्ध, गुन्हा होताच. १८३० च्या ब्राझिली फौजदारी संहितेच्या कलम १७९ मध्ये स्वतंत्र माणसाला गुलाम करणं हा गुन्हा आहे. गामांना ते कलम पाठ असणार. पण पत्र १८८० चं, आणि 'स्मृती' म्हणतात म्हणजे बाप हयात नव्हता. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. नाव सांगून कोर्टात काही मिळणार नव्हतं.

माझा एक अंदाज, अंदाज म्हणूनच घ्या. पळताना त्यांनी जे पुरावे मिळवले ते काय होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही. चोरूनमारून मिळवले एवढंच म्हणतात. स्वतःच्या जन्माचा कागद उघड केला की विरोधी वकील त्यावर तुटून पडणार, हे कोर्टात रोज उभं राहणाऱ्या माणसाला कळतं. मी पंचवीस वर्षं कामगार न्यायालयात काढली आहेत. आमच्याकडे म्हणतात, जिंकलेल्या दाव्याची फाइल पुन्हा उघडायची नाही.

आता त्यांच्या वकिलीबद्दल, कारण मला त्या कामानेच वेड लावलंय.

७ नोव्हेंबर १८३१ ला ब्राझीलने कायदा केला की यापुढे बाहेरून आणलेला प्रत्येक गुलाम देशात पाऊल ठेवताच स्वतंत्र. इंग्लंडचा दबाव होता म्हणून केला, पाळला कुणीच नाही. त्यानंतरही सात लाखांहून जास्त आफ्रिकन चोरट्या मार्गाने आणले गेले. कायदा मात्र कुणी रद्द केला नाही, पुस्तकात तसाच पडून राहिला. गामांनी तो उचलला.

पुढे १८७१ च्या कायद्याने प्रत्येक मालकाला आपल्या गुलामांची सरकारी नोंद करणं सक्तीचं झालं. नाव, वय, जन्म कुठला. आता गणित बघा. १८७२ च्या नोंदीत मालकाने लिहिलं, अमुक, जन्म आफ्रिका, वय ३८. म्हणजे जन्म १८३४. म्हणजे १८३१ नंतरच आणलेला. म्हणजे कायद्याने स्वतंत्र, आणि मालक गुन्हेगार. पुरावा मालकाच्याच सहीचा! हे मालकांच्या लक्षात आलं तेव्हा ते वयं वाढवून लिहायला लागले, जन्मस्थळ 'अज्ञात' टाकायला लागले. पुढे १८८५ साली साठीच्या वरच्या गुलामांना सोडण्याचा कायदा आला आणि फुगवलेली वयं त्यांच्यावरच उलटली. गामा ते बघायला नव्हते, १८८२ लाच गेले होते.

पदवी नव्हती, पण परवाना मिळवून ते वकिली करायचे. पेपरात जाहीर निवेदन द्यायचे, स्वातंत्र्याचा कुठलाही दावा फुकट चालवीन. १८८० च्या त्या पत्रात स्वतःच आकडा दिलाय, पाचशेहून जास्त माणसं सोडवली. या कामापायी पोलिस खात्यातली नोकरी गेली ती वेगळीच.

माडाची सावली

@काळा कोट, त्या १८३१ च्या कायद्यासोबत पोर्तुगीजमधला एक वाक्प्रचार जोडतात, 'इंग्रजांना दाखवण्यापुरतं'. नुसत्या दिखाव्याच्या गोष्टीला ब्राझीलमध्ये अजून तेच म्हणतात. आपले दाखवायचे दात.

रानजाई

नवीन सदस्य. प्रश्न बाळबोध असेल. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केलं ना? मग त्यांना गामांबद्दल माहिती असेल का?

जुनी वही

रानजाई, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, असा प्रश्न वर्गात आला की तास सार्थकी लागायचा.

अर्पणपत्रिका युनायटेड स्टेट्समधल्या सज्जन जनांना आहे, १८७३ सालची. ब्राझीलचा त्यात संबंध नाही, आणि या दोघांना एकमेकांची वार्ता होती असं म्हणायला माझ्याजवळ कसलाही आधार नाही. ओढूनताणून जोडू नये. पण काळ बघ. फुले १८२७ ते १८९०, गामा १८३० ते १८८२. फुले पुण्यात ती अर्पणपत्रिका लिहीत होते त्याच्या आदल्या वर्षी ब्राझीलची पहिली जनगणना झाली. त्यात पंधरा लाख माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. गुलामी संपल्याचा आनंद एका देशाबद्दल, आणि तिथून खाली, दक्षिण अमेरिकेत, पंधरा लाख लोक अजून गुलामीत. ब्राझीलने गुलामी संपवली १३ मे १८८८ ला, अमेरिका खंडांत सगळ्यात शेवटी.

काळा कोट यांनी विजय सांगितले, मी एक अर्धा विजय सांगतो. सांतोसच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने मृत्युपत्रात आपले गुलाम मुक्त केले होते. वारसांनी ते दडपलं. गामांना कळलं आणि त्यांनी २१७ माणसांसाठी दावा लावला. एवढा मोठा दावा तिथे कुणी ऐकला नव्हता. निकाल लागला, पण १८७८ पर्यंत काम करून मग सुटका, असा. तो दिवस उजाडेपर्यंत त्यातले कितीतरी जण मेले होते. कागदावर गामा जिंकले. मला त्या माणसांचं काय झालं असेल तेच सुचत राहतं, सहा-सात वर्षं रोज सकाळी उठून मळ्यावर जायचं, आपण स्वतंत्र आहोत हे माहीत असून.

बोरूबहाद्दर

सर, शेवटच्या वाक्यावर काही बोलवत नाही.

कोकणकडा

+१

हळदवेल

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

तर्कशुद्ध, तुमच्या प्रतिसादावर आधी मान हलवली होती. मग रात्री झोप लागली नाही.

मी सहा वर्षांची असताना वडील आम्हाला सोडून गेले. विकलं वगैरे नाही, नुसते गेले, आईचे दागिने घेऊन. आपल्याकडे नाव लिहायची पद्धत बघा. माझं नाव, मग त्यांचं नाव, मग आडनाव. शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर, बँकेत, पासपोर्टवर. वर्गात हजेरी घेताना बाई पूर्ण नाव घ्यायच्या आणि रोज सकाळी साडेसातला ते नाव माझ्या नावाला चिकटून वर्गभर ऐकू जायचं. आई शिवणकाम करून फी भरायची. तिचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

मोठी झाल्यावर मी कुणाला त्यांच्याबद्दल सांगायचं टाळायला लागले. लोकांना वाटायचं मी त्यांची लाज राखते. तसं नव्हतं. ते नाव माझ्या तोंडून गेलं की पुढचा अर्धा तास गप्पा त्यांच्याबद्दलच व्हायच्या. ते असे कसे, ते कुठे असतात, भेटायला येतात का. आईबद्दल कुणी एक प्रश्न विचारायचं नाही.

गामांचं पत्र मला तसं दिसतं. त्यांनी बापाला दया दाखवली असेलही, ते शब्द खोटे कशाला म्हणू. पण सगळं पत्र वाचून झाल्यावर लक्षात कोण राहतं? लुईझा माहीं. आणि 'डूख धरणारी' ही मला निंदा वाटत नाही. असं लेकरूच सांगू शकतं, आई होती तशी.

तर्कशुद्ध

हळदवेल, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. 'पुरुषाने पुरुषाला सांभाळलं' हे माझं म्हणणं मागे घेतो. पत्राचा तोल कुठे आहे ते मी बघितलं नव्हतं. घराण्याची प्रतिष्ठा तशीच राहिली याचा राग मात्र अजून आहे.

काळा कोट

राग असू द्या, तो योग्यच आहे. हळदवेलताई, मागच्याच पिढीत हवं होतं ते आता झालंय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं.

हळदवेल

हो काका. भाचीचा जन्मदाखला मीच आणायला गेले होते. खिडकीपाशी उभं राहून दोनदा वाचला.

रानजाई

लुईझाचं पुढे काय झालं? आईची आणि मुलाची भेट झाली का?

पायवाट

नाही झाली. १८४७, १८५६, १८६१, तीनदा रिओला जाऊन त्यांनी शोधलं. १८६२ साली आईला ओळखणाऱ्या काही आफ्रिकनांनी सांगितलं की १८३८ साली तिला साथीदारांबरोबर पकडून नेलं होतं, त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. बहुधा देशाबाहेर हाकललं असेल असं ते म्हणतात. शोधणारा शोधत होता त्याच्या कितीतरी आधी ती गेलेली होती. आईवर त्यांची एक कविताही आहे.

गामा स्वतः २४ ऑगस्ट १८८२ ला मधुमेहाने गेले. शहराची वस्ती जेमतेम चाळीस हजार, त्यातले तीनेक हजार लोक अंत्ययात्रेला होते. शववाहिनी आली होती पण लोकांनी पेटी तिच्यात ठेवू दिली नाही. ब्रास भागातल्या घरापासून कोन्सोलासाओच्या दफनभूमीपर्यंत, शहराच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत, हातोहात नेली. इथल्या वकील परिषदेने त्यांना वकील म्हणून मान्यता दिली ती २०१५ साली, मृत्यूनंतर १३३ वर्षांनी.

काळा कोट

१३३ वर्षं. आमच्या कोर्टाच्या तारखा बऱ्या म्हणायच्या.

पायवाट

हळदवेल, तुझा प्रतिसाद वाचल्यापासून माझा प्रश्नच बदलून गेला. काल शनिवारी आरूशेला गेले. फुलवाल्या मावशींकडून पांढऱ्या शेवंतीच्या दोन जुड्या घेतल्या. दोन कशाला, एकीत भागेल, म्हणाल्या. म्हटलं, एक यांची आणि एक यांच्या आईची. त्यांनी पुतळ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या जुडीचे पैसे घेतले नाहीत. दोन्ही तिथेच पुतळ्यापाशी ठेवल्या. फोटो रविवारी चढवते.

आणि त्या पत्राचा मराठी अनुवाद सुरू केलाय, आईच्या वर्णनापाशी अडलेय. 'आल्तिव्हा' असा शब्द आहे. वर 'मानी' लिहिलं होतं, पण आता ते फार सभ्य वाटतंय. माडाची सावली, तुम्ही काय म्हणाल?

माडाची सावली

माझी आजी एका विहिणीबद्दल हा शब्द वापरायची, आणि वापरताना स्वतःची मान वर करायची. 'ताठ' लिहा.